तीन वर्षांचा झाला तरी बाबागाडी लागते, बंद कधी करू?

"ताई, माझा मुलगा नुकताच तीन वर्षांचा झाला. घरात दिवसभर पळतो, सोफ्यावरून उड्या मारतो, जिने चढतो उतरतो, पण बाहेर जायचं म्हटलं की आधी बाबागाडीत जाऊन बसतो. मागच्या आठवड्यात मुद्दाम गाडी न घेता निघालो तर जेमतेम पाच-सात मिनिटं चालला आणि मग रस्त्यातच बसकण मारली, पाय दुखले, उचल म्हणून. मला सहावा महिना चालू आहे आणि डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही असं सांगितलंय. नवरा म्हणतो गाडी माळ्यावर टाक, दोन दिवस रडेल आणि मग चालायला लागेल. जाऊबाई म्हणतात त्यांची मुलगी दोन वर्षांनंतर गाडीत बसलीच नाही. अनोळखी लोकपण त्याला म्हणतात, एवढा मोठा झालास तरी गाडीत? मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि मध्ये एकदा तो हात सोडून पळाला होता, बाइकवाल्याने करकचून ब्रेक मारला म्हणून वाचलो. तेव्हापासून खरं सांगायचं तर मीच त्याला पट्टा लावून बसवते. मी चुकतेय का? गाडी नेमकी कधी बंद करायची?"

आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. नाही, तू चुकत नाहीयेस. आणि येणाऱ्या बाळासाठी मनापासून शुभेच्छा. हा विचार तू आत्ताच करतेयस ते फार बरं केलंस, बाळ आल्यावर असल्या गोष्टींचा शांतपणे विचार करायला वेळच मिळत नाही.

बाबागाडी बंद करायचं असं ठरलेलं वय काही नाहीये गं. बरीचशी मुलं अडीच ते चारच्या मध्ये कधीतरी हळूहळू सोडतात. कुणी लवकर सोडतं, कुणी उशिरा, आणि त्यावरून मूल हुशार आहे की लाडावलेलं आहे की आळशी आहे यातलं काहीच ठरत नाही. जाऊबाईंची मुलगी दोन वर्षांची असताना चालायला लागली हे खरं असेल, पण त्या तिला घेऊन किती लांब जायच्या, रस्ता कसला होता, बरोबर तिला उचलायला अजून कोणी असायचं का, हे सगळं वेगळं असणार. ज्या घरात कडेवर घ्यायला दोन माणसं कायम हजर असतात तिथे गाडी लवकर सुटते, त्यात मुलाच्या पायांचं कौतुक कमी आणि माणसांच्या खांद्यांचं जास्त असतं.

तुझ्या मनात अजून एक भीती असणार, सगळ्याच आयांच्या मनात असते, की गाडीत बसवून आपण त्याचे पाय कमजोर करतोय का. तर हे बघ, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या हालचाली, बसणं आणि झोप याबद्दल सूचना काढल्या होत्या. त्यात एक ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल करावी असं म्हटलंय, तीन वर्षांनंतर त्यातली निदान ६० मिनिटं जरा दम लागेल अशी हवी, आणि गाडीत किंवा खुर्चीत पट्टा लावून एका वेळी एक तासापेक्षा जास्त बसवून ठेवू नये. म्हणजे गाडी वापरूच नका असं नाही म्हटलेलं, सलग किती वेळ बसवता ते बघा असं म्हटलंय. आता तू स्वतःच लिहिलंयस की तो घरात दिवसभर पळतो, उड्या मारतो, जिने चढतो. त्याचा दिवसाचा हिशोब बहुतेक घरातच पूर्ण होत असेल. मग कुठे जायचं यायचं म्हणून वीस-पंचवीस मिनिटं तो गाडीत बसला तर त्याने पाय कमजोर होत नाहीत. ज्या दिवशी घरातपण बसून, गाडीतपण बसून आणि पोचल्यावरपण हातात मोबाइल देऊन बसून असं होतं, त्या दिवसाची काळजी करायची. एकट्या गाडीवर सगळा दोष टाकण्यात अर्थ नाही.

आता तुझ्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तू शेवटी लिहिलीयस. तो हात सोडून पळाला आणि तेव्हापासून तू त्याला पट्टा लावतेस. म्हणजे त्याला गाडी लागते याचं एक कारण त्याचा हट्ट असेलही, पण दुसरं कारण तुझी भीती आहे, आणि ती भीती एकदम रास्त आहे. म्हणून मी तुला सांगेन की त्याला चालता येतं का हा प्रश्न आता सोडून दे, ते त्याला कधीच येतंय. त्याला थांबता येतं का ते बघ. आपण थांब म्हटल्यावर जो मुलगा दहापैकी बहुतेक वेळा थांबतो तो गाडीशिवाय बाहेर जायला तयार आहे, मग तो अडीच वर्षांचा का असेना. आणि जो थांबत नाही तो कितीही छान धावत असला तरी रहदारीच्या रस्त्यावर गाडीशिवाय जायला अजून तयार नाही. माझ्या मते हीच खरी परीक्षा आहे, बाकी सगळं नंतर.

तीन वर्षांच्या मुलाला रस्ता कळत नाही, आणि तो कळावा अशी अपेक्षासुद्धा ठेवू नकोस. समोरून येणारी गाडी किती लांब आहे, किती वेगात आहे हा अंदाज शाळेत जाणाऱ्या सात-आठ वर्षांच्या मुलांनापण भरवशाने येत नाही. तीन वर्षांच्या मुलाला पलीकडे कुत्रा दिसला की कुत्राच दिसतो, मधला रस्ता दिसत नाही. तू त्याला शंभर वेळा समजावलं असशील, त्याला ते पाठसुद्धा असेल, विचारलं तर घडाघडा सांगेल की रस्त्यावर पळायचं नसतं, पण त्या क्षणाला स्वतःला आवरणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती या वयात अजून तयार होत असते. म्हणून त्या दिवशी तो पळाला यात त्याचा वाह्यातपणा नव्हता आणि तुझा हलगर्जीपणापण नव्हता.

पण थांबायला शिकवता येतं, आणि ते रस्त्यावर नाही, मोकळ्या जागेत शिकवायचं. मैदान, बाग, बिल्डिंगचं बंद आवार, जिथे गाड्या येत नाहीत अशी कुठलीही जागा. तिथे त्याला पळू दे आणि मध्येच 'थांब' म्हण. शब्द एकच ठेवायचा आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा, नाहीतर एक जण थांब म्हणतो, दुसरा स्टॉप म्हणतो, तिसरा नुसतंच नावाने ओरडतो आणि पोराला काय करायचं ते कळत नाही. सुरुवातीला खेळ म्हणूनच कर, तो थांबला की तूपण पुतळ्यासारखी थांब, मग परत पळ म्हण. मुलांना हा खेळ प्रचंड आवडतो. आठ-दहा दिवस रोज थोडा थोडा खेळलात की मग खेळ चालू नसताना, त्याचं लक्ष दुसरीकडे असताना एकदा थांब म्हणून बघ. तेव्हा थांबला तर शिकला. आणि हो, हा शब्द घरात उगाच खर्च करू नकोस, पाण्याचा ग्लास सांडताना थांब, टीव्हीला हात लावताना थांब, असं दिवसभर चाललं तर त्या शब्दाची किंमतच राहत नाही.

मग शांत गल्लीत, फुटपाथ असलेल्या रस्त्यावर जा, तिथे नियम एकच, हात धरायचा नाहीतर गाडीत बसायचं. दोन्हीपैकी काय ते त्याने ठरवायचं. हात सोडला तर न चिडता, न ओरडता, 'हात सुटला, आता थोडा वेळ गाडीत' म्हणून बसवायचं आणि पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा विचारायचं. हे शिक्षा म्हणून नको बोलूस, बघ आता बसवतेच तुला असं म्हटलं की गाडी ही वाईट मुलांची जागा होऊन बसते आणि मग ज्या दिवशी खरंच बसवायची गरज असते त्या दिवशी तो बसत नाही. आवाज साधा ठेवायचा, पाऊस आला की छत्री उघडतो तसा. काही आया मनगटाला बांधायचा पट्टा किंवा लगाम लागलेली छोटी सॅक वापरतात, लोक त्यालाही नावं ठेवतात, पण पळणारं मूल आणि वाकता न येणारी गरोदर आई असेल तर मला त्यात काही गैर वाटत नाही. फक्त तो पट्टा ओढायला नाही, अचानक सुटला तर अडवायला आहे एवढं लक्षात ठेव, आणि हात धरायची सवय चालूच ठेव.

आता 'पाय दुखले' बद्दल. नवरा बहुतेक म्हणत असेल की घरात दिवसभर पळतो आणि बाहेर पाच मिनिटांत कसे पाय दुखतात, नाटकं करतो. तर नाटकं म्हणून सोडून देऊ नका. मुलं स्वतःच्या मनाने खेळताना खूप चालतात. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास छापला होता, एक ते दीड वर्षांच्या नव्याने चालायला लागलेल्या मुलांवर, तर ती मुलं खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं चालत होती आणि तासाला सरासरी १७ वेळा पडत होती. एवढंसं पोर, आणि एवढं चालणं! पण ते चालणं कसं असतं, चार पावलं टाकली, थांबलं, वाकलं, काहीतरी उचललं, मागे वळलं, बसलं, परत निघालं. आपण त्याला बाहेर नेतो तेव्हा सरळ रेषेत, न थांबता, आपल्या स्पीडने चल म्हणतो. त्याचे पाय आपल्या अर्ध्याएवढे, आपण एक पाऊल टाकतो तेव्हा त्याला दोन टाकावी लागतात, म्हणजे आपण आरामात चालत असतो तेव्हा तो जवळजवळ पळत असतो. शिवाय बघायला काही नाही, थांबायला परवानगी नाही. दमणारच ना.

आणि बऱ्याचदा पाय दुखले म्हणजे पायच दुखले असं नसतं, या वयात कंटाळा आला, झोप आली, भूक लागली, ऊन लागतंय, तू खूप पुढे चाललीयस, मला जवळ घे, हे सगळं सांगायला त्यांच्याकडे एवढंच वाक्य असतं कारण ते म्हटलं की आई लगेच थांबते. तुझ्याकडे तर नवीन बाळ येतंय. आईचं पोट वाढतंय, आई आता उचलत नाही, हे त्याला दिसतंय. रस्त्यात बसकण मारून 'उचल' म्हणण्यात थोडं तेपण असेल. तू उचलू शकत नाहीस, पण थांबू शकतेस. कट्टा, बाक, पायरी काहीतरी बघ, पाच मिनिटं त्याला मांडीला टेकून बसू दे, पाणी पाज, मग निघा. कितीतरी वेळा तेवढं पुरतं.

पण काही वेळा खरंच पायात काहीतरी असतं आणि ते ओळखायला हवं, इथे मी जरा खोलात सांगते. आधी बूट बघ. या वयात पाय भराभर वाढतात, अंगठ्याच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर जागा आहे का ते तो उभा असताना दाबून बघ, बसल्यावर नाही. तळवे सपाट दिसतात म्हणून घाबरू नकोस, लहान मुलांचे तसेच असतात, कमान बऱ्याच मुलांत पाच-सहा वर्षांपर्यंत हळूहळू दिसायला लागते. रात्री दोन्ही पाय दुखतात, चोळून दिले की बरं वाटतं आणि सकाळी उठून पोरगं पुन्हा पळत सुटतं, हेपण तीन वर्षांनंतर खूप मुलांमध्ये होतं. मात्र तो लंगडत असेल, नेहमी एकच पाय किंवा एकच जागा दुखते म्हणत असेल, सकाळी उठल्या उठल्या पाय टेकवायला तयार नसेल, सांधा सुजलेला किंवा गरम लागत असेल, बरोबर ताप असेल, कायम टाचा न टेकवता चवड्यांवर चालत असेल, आधीपेक्षा जास्त पडायला लागला असेल, किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत टेकत स्वतःला वर ढकलत असेल, तर मग वाट न बघता मुलांच्या डॉक्टरांना दाखव. तुझ्या पत्रावरून तरी असं काही वाटत नाही, तो उड्या मारतो, जिने चढतो, पण एकदा नीट लक्ष देऊन बघ.

अजून एक गोष्ट, ही सगळ्या घरच्यांना सांग. पोराने रस्त्यात बसकण मारली की आपण चिडून एका हाताला धरून त्याला खसकन वर ओढतो. ते करू नका. एक ते चार या वयात कोपराजवळचं हाड धरून ठेवणारा पट्टा सैल असतो, हात असा झटक्याने ओढला गेला की ते हाड जागचं थोडं सरकतं. मग मूल तो हात वापरतच नाही, लोंबता ठेवतं, हात लावला की रडतं. डॉक्टर बहुतेक वेळा ते दोन मिनिटांत जागेवर बसवतात, पण घरच्या घरी ओढून बघायचं नाही, आणि मुळात होऊच द्यायचं नाही. उठवायचं असेल तर काखेत दोन्ही हात घालून उठवायचं, आणि तुझ्या बाबतीत तेही दुसऱ्या कोणीतरी.

नवऱ्याचं म्हणणं आहे की गाडी माळ्यावर टाकावी. काही मुलांच्या बाबतीत हे चालतंसुद्धा, दोन दिवस रडतात आणि विसरतात. पण तुमच्या घरात आत्ता मला हे पटत नाही. तो दमला तर त्याला उचलायचं कोणी? पळाला तर मागे धावायचं कोणी? सहाव्या महिन्यात हे दोन्ही तुझ्यावर येणार, कारण दिवसभर त्याच्याबरोबर तू असतेस. त्यापेक्षा गाडी बरोबर घ्या आणि रिकामी ढकला. हे ऐकायला वेडेपणा वाटेल पण याचा फार उपयोग होतो. गाडी दिसत असली की मुलाला खात्री असते की दमलो तर बसता येईल, आणि मग ते जास्त चालतं. गाडी घरी ठेवली की पहिल्या मिनिटापासून त्याला धास्ती असते.

सगळ्या बाहेर जाण्यांवर एकदम प्रयोग करू नकोस. एकच फेरी धर, जवळची, घाई नसलेली, त्याचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असेल अशा वेळेची. तुला एकटीला जिथे पंधरा मिनिटं लागतात तिथे अर्धा-पाऊण तास लागेल असं धरूनच निघ. जर तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी सरळ गाडीत बसव, अपराधी वाटून घेऊ नकोस, कारण घाईत चालवणं म्हणजे दोघांचं भांडण ठरलेलंच. सुरुवातीला जाताना चालू दे, तेव्हा ताजा असतो, आणि येताना बसू दे. ते अंगवळणी पडलं की मग येताना घराच्या अलीकडे, त्याला ओळखीच्या एखाद्या वळणावर उतरव आणि तिथून घरापर्यंत चालू दे. घर दिसायला लागलं की मुलांच्या पायात बळ येतं, मग ते वळण दर काही दिवसांनी थोडं थोडं मागे न्यायचं. त्याला काहीतरी काम दे. लिफ्टचं बटण त्याने दाबायचं, त्याची छोटी पिशवी त्याने धरायची, लाल गाड्या त्याने मोजायच्या. गाडी ढकलायला मागेल, तर मोकळ्या जागेत ढकलू दे, गर्दीत आणि उतारावर नको.

आणि इथे एक सांभाळ. आपण सगळ्या जणी गाडीच्या हँडलला पिशव्या लटकवतो. मूल बसलेलं असतं तोवर वजन बरोबर असतं, ते उतरलं की गाडी पाठीमागे धाडकन पडते, आणि तोच एक पाय आत एक पाय बाहेर असा असेल तर त्यालापण घेऊन पडते. सामान खालच्या जाळीत ठेव.

काही ठिकाणी मात्र गाडी राहू दे, अजून वर्षभरसुद्धा राहिली तरी चालेल. खूप गर्दी, स्टेशन, विमानतळ, लांबचा प्रवास, हॉस्पिटलच्या तुझ्या तपासण्या जिथे तासभर बसावं लागतं, संध्याकाळी उशीर होणार असेल तेव्हा, आणि जिथे त्याच्या दुपारच्या झोपेची वेळ होणार असेल तिथे. तीन-चार वर्षांच्या मुलाला चोवीस तासांत दहा ते तेरा तास झोप लागते, त्यात दुपारची धरून, आणि झोप मोडलेलं मूल चालतही नाही आणि ऐकतही नाही.

एकदा तुझ्या गाडीच्या चौकटीवरचं लेबल किंवा बरोबर आलेलं पुस्तक काढून वजनाची मर्यादा बघ. युरोपातल्या नियमांप्रमाणे बनवलेल्या बऱ्याच गाड्या १५ किलोपर्यंतच्या असतात आणि काही २२ किलोपर्यंतच्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलग्याचं मधलं वजन १४.३ किलो आहे, म्हणजे १५ किलोवाली गाडी असेल तर तुझा मुलगा मर्यादेच्या जवळ आला असणार, किंवा पुढेही गेला असेल. पाय जमिनीला घासतात, डोकं छताला लागतं, बक्कल स्वतः उघडून चालत्या गाडीत उभा राहतो, यातलं काही होत असेल तर ती गाडी त्याच्यासाठी संपली असं समज, मग तो चालायला तयार असो नसो. तसं असेल तर एक हलकी, छत्रीसारखी मिटणारी गाडी पुरते, वजनाची मर्यादा बघून घेतलेली. ही मिटणारी गाडी ओवेन मॅक्लारेन नावाच्या विमानाच्या इंजिनिअरने १९६५ मध्ये काढली, दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या जोडणीवर काम केलेला माणूस, आणि त्याची पहिली गाडी तीन किलोच्याही आत होती. आपली मोठी गाडी दहा-दहा किलोची असते, तुझ्या अवस्थेत ती जिन्यावरून चढवणं उतरवणं हाच एक वेगळा त्रास आहे.

आता बाळाचं. तुझ्याकडे साधारण तीन महिने आहेत. या तीन महिन्यांत जवळच्या फेऱ्या त्याला पायी जमायला लागल्या तर उत्तमच, पण शेवटच्या महिन्यात काही नवीन सुरू करू नकोस, आणि बाळ आल्यावर पहिले दोन-तीन महिने तर अजिबात नको. धाकटं आलं की मोठी मुलं बऱ्याचदा थोडी मागे जातात, चड्डीत शू करतात, बाटली मागतात, कडेवर घे म्हणतात, आणि छान चालणारं मूल पुन्हा गाडीत बसायला लागतं. तसं झालं तर तुझी मेहनत वाया गेली असं समजू नकोस, काही आठवड्यांत परत येतं. फक्त 'तू आता दादा झालास, ही गाडी आता बाळाची' हे वाक्य कोणालाही म्हणू देऊ नकोस, अगदी कौतुकानेसुद्धा. आई गेली, मांडी गेली, आता गाडीपण गेली असं त्याला वाटतं आणि त्याचा राग बाळावर निघतो. पहिले काही महिने बाळ अंगाला बांधून घेतलं आणि मोठा गाडीत बसला तर बाहेर पडणं सगळ्यात सोपं जातं, अर्थात तुझं बाळंतपण कसं झालं त्यावर, डॉक्टरांना विचारून. बाळाला गाडीत ठेवायचं झालं तर नवजात बाळाला पाठ पूर्ण सपाट राहील अशी जागा लागते, सध्याची सीट तेवढी आडवी होते का ते आत्ताच बघून ठेव. दोन सीटची गाडी घ्यायची घाई करू नकोस, तोपर्यंत मोठा साडेतीनच्या जवळ जाईल, गाडीच्या मागे लावायची उभं राहायची फळी मिळते, चालता चालता दमला की तो त्यावर उभा राहतो, बहुतेक अशा फळ्या २० किलोपर्यंत चालतात. आणि तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला ती फळी म्हणजे स्वतःचं वाहन वाटतं.

राहिले लोक. रस्त्यातल्या माणसाला उत्तर द्यायची गरज नाही, पण मुलाला द्यायची आहे, कारण 'एवढा मोठा झालास तरी' हे तो ऐकतोय. त्या माणसाकडे न बघता त्याच्याकडे बघून साधं म्हण, 'आपण थोडं चाललो, आता थोडं बसलोय', आणि पुढे जा. मला खरंच राग येतो या बोलणाऱ्यांचा. गाडीत बसलेलं प्रत्येक मोठं मूल लाडावलेलं नसतं, कुणाच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं असतं, कुणाच्या स्नायूंचा आजार असतो, स्वमग्न मुलांना गर्दी आणि आवाज सहन होत नाही म्हणून गाडी त्यांना आधार असते, अशी मुलं सहा-सात वर्षांपर्यंत आणि पुढेही बसतात आणि त्यांच्या आया रोज हे टोमणे ऐकतात. जाऊबाईंशी वाद घालू नकोस, 'वहिनी, तुमची लवकर चालली, आमचा हळूहळू शिकतोय' एवढं म्हण आणि विषय बदल.

आणि नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. गाडी सुटावी असं त्याला मनापासून वाटतंय ना, मग संध्याकाळची ती एक जवळची फेरी त्याने घ्यावी. मैदानात थांबायचा खेळ त्याने खेळावा, कारण त्यात पळावं लागतं आणि ते तुला आत्ता जमणार नाही. रिकामी गाडी त्याने ढकलावी, रस्त्यात बसकण मारली की पायरीवर त्यानेही बसावं. पंधरा-वीस दिवस असं गेलं की मुलगा किती चालतो आणि थांब म्हटल्यावर किती थांबतो हे तुम्हा दोघांनाही सारखंच दिसेल, आणि मग कुठल्या रस्त्यावर गाडी न्यायची आणि कुठल्या नाही ते तुम्ही दोघं बसून ठरवू शकाल. तेवढ्या वेळात तू पाय वर करून पड, सहावा महिना आहे, तुझे पायपण दुखत असतील.